महागडी माउंटन बाइक कोकणात पैसे वसूल करते का?

"एवढ्या पैशात बुलेट आली असती की!" महागडी माउंटन बाइक घेणाऱ्याला हे वाक्य चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. इंजिन नाही, पेट्रोलची टाकी नाही, तरी पाच-सहा लाख रुपये कशाचे? त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

उत्तराचा एक भाग खपात आहे. हिरोची स्प्लेंडर महिन्याला दोन लाखांच्या वर विकली जाते. साचे, यंत्रं, चाचण्या, सगळ्यांचा खर्च तेवढ्या गाड्यांवर वाटला जातो. वरच्या दर्जाच्या माउंटन बाइकचं एखादं मॉडेल जगभरात मिळून काही हजारांत खपतं, आणि त्याच्या प्रत्येक मापाच्या कार्बन फ्रेमला वेगळा साचा लागतो. कार्बनचे तुकडे हाताने एकावर एक बसवावे लागतात. त्यामुळे किंमत फुगते, हे खरं. पण ती का फुगते हे कळलं म्हणून ती मोजणं तुमच्यासाठी योग्य ठरत नाही. खपाचा हिशोब कंपनीचा झाला, आपला हिशोब वेगळा.

आमचं मत आधीच सांगतो. आजच्या बाजारात साधारण पाऊण ते सव्वा लाखापर्यंत वाढवलेला पैसा हाताला, पायाला आणि कमरेला जाणवतो. तिथून दोन-अडीच लाखांपर्यंतचा पैसा वसूल होईल की नाही, हे तुम्ही कुठल्या वाटेवर चालवता यावर ठरतं. त्यापुढचा बहुतेक पैसा ग्रॅम कमी करण्यात आणि वरच्या मुलाम्यात जातो. कोकणात आणखी एक गोष्ट हिशोबात धरावीच लागते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची लाल भुकटी महागड्या भागांनाही सोडत नाही. काही बाबतींत तर त्यांनाच आधी खाते.

किंमत वाढली, पण सगळीकडे सारखी नाही

१९८१ साली स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर बाजारात आली. मोठ्या प्रमाणावर बनवलेली ती पहिली माउंटन बाइक मानली जाते. किंमत ७५० डॉलर. १५ गियर, सस्पेन्शन अजिबात नाही, ब्रेक जुन्या कँटिलिव्हर पद्धतीचे. महागाई धरली तर ते आजचे अडीच हजार डॉलरच्या आसपास होतात. आज तेवढ्या डॉलरमध्ये दोन्ही चाकांना सस्पेन्शन, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचे) ब्रेक आणि १२ गियरची सायकल येते. म्हणजे मधल्या फळीतली सायकल पैशाच्या मानाने स्वस्तच झाली आहे. वाढलं आहे ते टोक. सगळ्यात वरची मॉडेलं आता दहा हजार डॉलरच्या पुढे जातात.

आपल्याकडे त्यावर आणखी थर चढतात. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३ च्या वर गेला. हजार डॉलरचा तोच फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा दुपायी भाग) या एका कारणाने जवळजवळ दुप्पट झाला. २०२३ च्या अर्थसंकल्पात तयार सायकलींवरचं सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्के केलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा दिलासा मिळाला. मधल्या काळात कोरोनाने गोंधळ घातला होता: २०२०-२१ मध्ये जगभर सायकलींना अचानक मागणी आली, सुटे भाग मिळेनात, दर चढले. मग कंपन्यांनी भरमसाट माल बनवला, २०२३ पासून गोदामं भरून राहिली आणि सवलती सुरू झाल्या. छापील किंमत आणि हातात पडणारी किंमत यांत अजूनही मोठं अंतर असू शकतं, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारल्याशिवाय घेऊ नका.

फोर्क: पैशाचा फरक सगळ्यात आधी इथे कळतो

वाडीतून खाली उतरणारी चिऱ्याची पाखाडी डोळ्यांसमोर आणा. पायऱ्या झिजलेल्या, प्रत्येकीची उंची वेगळी, मधला एखादा चिरा निखळलेला. वीस-पंचवीस हजारांच्या सायकलचा पुढचा फोर्क पहिल्या पायरीला दबतो आणि दुसरी पायरी यायच्या आत उसळून वर येतो. चाक हवेत जातं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीला हँडल हातातून सुटायला बघतं.

याचं कारण आतल्या रचनेत आहे. स्वस्त फोर्कमध्ये एक पोलादी स्प्रिंग असते आणि ती उसळू नये म्हणून जवळजवळ काहीच नसतं. चांगल्या फोर्कच्या एका पायात हवेची स्प्रिंग असते आणि दुसऱ्या पायात डँपर. डँपर म्हणजे तेलात फिरणारा दट्ट्या. तेल बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांमधून जातं, त्यामुळे फोर्क दबतो तेव्हा आणि परत येतो तेव्हाही त्याचा वेग आवरला जातो. परत येण्याचा वेग ठरवणारा लाल गुंडा (फिरवायचं गोल बटण) म्हणजे रिबाउंड. हा गुंडा नसलेला फोर्क खडकाळ वाटेसाठी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट सांगणं आहे.

हवेच्या स्प्रिंगचा दुसरा फायदा वजनाशी जुळण्याचा. स्वस्त फोर्कची पोलादी स्प्रिंग साधारण सत्तर-ऐंशी किलोच्या माणसासाठी असते. पन्नास किलोच्या मुलीने ती चालवली तर फोर्क जेमतेम हलतो, तिच्यासाठी ते अडीच किलोचं निव्वळ ओझं. हवेचा फोर्क असेल तर जुळणी अशी करा:

१. शॉक पंप वापरा. टायरच्या पंपाने हे काम नेमकं होत नाही.
२. फोर्कच्या पायावर छापलेल्या तक्त्यातून तुमच्या वजनाचा दाब भरा. पाठीवरची पिशवी आणि पाणीही वजनात धरा.
३. सायकलला भिंतीचा आधार द्या, पायडलवर उभे राहा, दोन-तीनदा फोर्क दाबून शांत होऊ द्या. मग नळीवरची रबरी कडी खाली सीलपर्यंत सरकवा.
४. हिसका न देता उतरा आणि कडी सीलपासून किती वर राहिली ते मोजा. १२० मिमीच्या फोर्कला २४ ते ३० मिमी, म्हणजे २० ते २५ टक्के, असायला हवी. कमी असेल तर हवा काढा, जास्त असेल तर भरा.
५. रिबाउंडचा गुंडा पूर्ण फिरवून किती टिकटिक होतात ते मोजा आणि मधोमध ठेवा. पाखाडीवर पुढचं चाक उड्या मारत असेल तर एक-दोन टिक हळू करा. फोर्क प्रत्येक पायरीला आणखी आणखी खाली बसत चालला असेल तर वेगवान करा.

दोन लाखांची सायकल घेऊन ही वीस मिनिटं न देणारे पुष्कळ आहेत. तो पैसा अक्षरशः वाया जातो.

आता किंमत कुठे थांबवायची? स्प्रिंगवरून हवेच्या फोर्कवर येणं ही सगळ्यात मोठी उडी. ३० मिमीच्या नळीवरून ३२ किंवा ३४-३५ मिमीवर येणं ही दुसरी. जड माणसाला ती जास्त जाणवते, कारण बारीक नळी ब्रेक दाबल्यावर मागे वाकते. चाक धरणारा थ्रू-अॅक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड आस, ही तिसरी. त्याच्या पुढे फरक झपाट्याने आटतो. फॉक्स या फोर्क बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांच्या परफॉर्मन्स एलिट आणि फॅक्टरी या दोन श्रेण्यांत डँपर एकच असतो. फॅक्टरीच्या नळीवर सोनेरी काशिमा मुलामा असतो, एलिटवर काळा. मुलामा घसटण थोडी कमी करतो, पण डोळे मिटून चालवल्यावर दोन्ही ओळखणारे फार थोडे.

ब्रेक आणि रोटरवरची बारीक अक्षरं

केबलच्या डिस्क ब्रेकवरून हायड्रॉलिकवर येणं हा कोकणात सुरक्षेचा मुद्दा आहे. पावसाळ्यात केबलच्या नळीत लाल चिखल शिरतो, केबल गंजते आणि घाट उतरताना बोटं दुखेपर्यंत दाबावं लागतं. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं. शिमानो कंपनीचा सगळ्यात साधा एमटी२०० सुद्धा बहुतेकांना पुरेसा आहे. घाट वारंवार उतरत असाल तर शिमानोच्याच देओरे श्रेणीतला चार पिस्टनचा ब्रेक घ्या आणि पुढे १८० मिमीचा रोटर (ब्रेक जिला पकडतो ती चाकाची चकती) लावा. देओरेच्या वर एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर असं चढत गेलात तर लिव्हरची ठेवण आणि जुळणीच्या सोयी वाढतात, पण थांबवण्याची ताकद किमतीच्या प्रमाणात वाढत नाही.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या वेळीच तपासा. स्वस्त रोटरवर बारीक अक्षरांत 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. त्याचं पोलाद मऊ असतं. रेझिनचे पॅड कोरड्यात छान चालतात, पण पावसात जांभ्याचा चिखल पॅड आणि रोटरच्या मध्ये शिरला की कानशीसारखा घासतो आणि मोजक्या घाट-उतरणींत पॅड संपतात. मेटलचे पॅड खूप जास्त टिकतात, पण ते मऊ रोटरवर लावले तर रोटरच खातात. म्हणून मेटल पॅड चालणारा रोटर आधी, मग मेटल पॅड. पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचा. शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिमी असतो, १.५ झाला की काढायचा.

तेलाचाही विचार करा. शिमानोत मिनरल ऑइल असतं. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१ असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलावा शिरला की तेलाचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब घाटात लिव्हर पोकळ लागायला लागते. आपल्याकडच्या दमट हवेत ते वर्षाला बदलायलाच हवं. स्रॅमच्या डीबी८ आणि मेव्हन या नव्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे. दोन्ही तेलं एकमेकांच्या ब्रेकमध्ये चुकूनही घालू नका, रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो.

गियर: जास्त पैसे देऊन कमी टिकणारी वस्तू

शिमानोच्या १२ गियरच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचं, वजन बघा, सगळ्या १० ते ५१ दात्यांच्या. देओरे सुमारे ५९० ग्रॅम, एसएलएक्स ५३५, एक्सटी ४७०, एक्सटीआर ३६७. देओरे ते एक्सटीआर सव्वादोनशे ग्रॅम वाचतात, आणि किंमत तीन-चार पट होते. वजन वाचतं ते धातू बदलून: देओरेच्या जवळपास सगळ्या चकत्या पोलादी, एक्सटीआरमध्ये मोठ्या चकत्या अॅल्युमिनियमच्या आणि मधल्या टायटॅनियमच्या. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा लवकर झिजतं. घाट चढताना आपण मोठ्या चकत्यांवरच असतो, आणि चेनवर जांभ्याची भुकटी चिकटलेली असते. म्हणजे जिथे झीज जास्त तिथेच मऊ धातू. शर्यतीत उतरणाऱ्याला हे परवडतं, रविवारी गणपतीपुळ्याला जाऊन येणाऱ्याला नाही.

कोकणासाठी एक चांगली गोष्ट २०२३ मध्ये झाली. शिमानोने क्यूज नावाची नवी मालिका आणली. तिच्यातल्या लिंकग्लाइड कॅसेटचे दाते जाड असतात आणि त्या नेहमीच्यापेक्षा तिप्पट टिकतात, असा कंपनीचा दावा आहे. ९, १० आणि ११ गियरमध्ये मिळते. वजन थोडं जास्त, पण आपल्याकडे ते खुशाल सोसावं. घेताना एवढंच बघा की चेन आणि शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) तिच्याशी जुळणारे आहेत.

कॅसेट कुठलीही असो, तिचं आयुष्य चेनवर अवलंबून असतं. चेन मोजायचं पट्टीसारखं साधन काहीशे रुपयांत येतं. ११ आणि १२ गियरची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, १० पर्यंतची ०.७५ टक्क्यांवर. दोन हजारांची चेन वेळेवर बदलली नाही तर आठ-दहा हजारांची कॅसेट आणि वर चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) जाते. पावसाळ्यात हे मोजमाप दर पंधरा दिवसांनी घ्या.

बिनतारी गियर सुरेख चालतात यात शंका नाही. केबल नसल्यामुळे चिखल शिरायला जागा उरत नाही, हा पावसाळी प्रदेशात खरा फायदा आहे. पण दगडाला आपटून डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) तुटला तर साध्या देओरेच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि तो पुण्या-मुंबईहून येईपर्यंत सायकल पडून राहते.

कार्बन आणि आंबोलीचं गणित

महागड्या सायकलीत हलकेपणासाठी सगळ्यात जास्त पैसे मोजले जातात, म्हणून त्याचा हिशोब एकदा मांडू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. पायथ्यापासून ६०० मीटर उंची चढायची असं धरा. माणूस ७२ किलो, सायकल १५ किलो, पाणी एक किलो, एकूण ८८. ते वजन ६०० मीटर वर न्यायला सुमारे ५१८ किलोज्यूल लागतात. पायांतून सतत १५० वॅट निघत असतील तर साडेसत्तावन्न मिनिटं. आता सायकल तीन किलो हलकी करा: ८५ किलो, ५०० किलोज्यूल, साडेपंचावन्न मिनिटं. टायरची आणि हवेची घसट यात धरलेली नाही, पण फरक तोच राहतो: तासाभराच्या घाटात दोन मिनिटं. आणि तीन किलो कमी करायला बहुतेक वेळा दोन लाखांच्या वर खर्च येतो.

शर्यतीत दोन मिनिटं म्हणजे पहिला आणि दहावा नंबर. बाकीच्यांसाठी ती चहाच्या एका घोटाएवढी. ४५-५० किलोच्या माणसाचं गणित मात्र वेगळं आहे. १५ किलोची सायकल म्हणजे त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा. त्याला तीन किलो खरोखर जाणवतात, चढावरही आणि सायकल उचलून गडगा ओलांडतानाही. हलक्या चणीच्या चालवणाऱ्यांनी थोडा जास्त पैसा हलक्या सायकलीवर घालायला हरकत नाही, आणि दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

कार्बनच्या बाबतीत किनाऱ्यावर एक धोका आहे. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारं पाणी आलं की बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. कार्बन फ्रेममध्ये बसवलेला अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालची नळी) असा फुगून कायमचा अडकू शकतो. मग तो काढताना फ्रेमलाच तडा जाण्याची भीती. उपाय सोपा आहे, फक्त चुकवायचा नाही: मे अखेरीस, पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि ऑक्टोबरमध्ये सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा, फ्रेमच्या नळीत कापड फिरवा, कार्बनसाठीची पेस्ट लावून परत बसवा. कार्बनला साधं ग्रीस लावू नका; पोस्ट घसरतो आणि मग लोक बोल्ट जास्त आवळतात. अॅल्युमिनियम फ्रेममध्ये अॅल्युमिनियम पोस्ट असेल तर ग्रीस चालतं. बोल्ट भागावर छापलेल्या आकड्याइतकाच आवळा, स्टेमला (हँडल धरणाऱ्या तुकड्याला) तो बहुधा ५ न्यूटन-मीटर असतो.

मागचं सस्पेन्शन लागतं का?

राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर, उघड्या कातळावर, तुम्ही आठवड्यातून एकदा तरी दोन-तीन तास चालवत असाल तर हो, लागतं. जांभ्याचा कातळ सपाट दिसतो, पण वर हजारो खळगे असतात आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. मागचं चाक जमिनीला धरून राहिल्याने चढावर पकडही वाढते. दीड-दोन लाखांची अॅल्युमिनियमची फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली) सायकल इथे पैसे वसूल करते. सागरी मार्गावर, पाणंदीतून किंवा बागेतल्या लाल रस्त्यावर चालवणाऱ्याला तिची गरज नाही.

(सड्यांवर चालवणाऱ्यांनी एक जपावं. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी अशा ठिकाणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, आणि सगळ्यांना कुंपण नाही. चित्र दिसलं की उतरून लांबून जा. चाकाच्या खुणाही त्या कातळावर पडता कामा नयेत.)

फुल सस्पेन्शनच्या सांध्यांमध्ये आठ ते बारा बेअरिंग असतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातून चालवलं तर खालची बेअरिंग एका हंगामात खरखरायला लागतात. कळायचं कसं? मागच्या शॉकचा (मागचा धक्का झेलणाऱ्या नळकांड्याचा) एक बोल्ट काढा, दांडे मोकळे करून हाताने हलवा. लोण्यासारखे फिरायला हवेत. अडखळले किंवा करकरले की बेअरिंग संपलं. नवीन घेताना २आरएस लिहिलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. सगळा संच आणि मजुरी मिळून काही हजार सहज जातात. याशिवाय मागच्या शॉकचं काम वेगळं.

सस्पेन्शनची देखभाल तासांवर मोजतात. रॉकशॉक्स ही कंपनी बहुतेक फोर्कना दर ५० तासांनी खालचे पाय काढून साफ करायला सांगते, फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हिस सांगतं. आठवड्याला चार तास चालवलंत तर ५० तास तीन महिन्यांत होतात. कोकणात हे काम जाणणारे हात कमी आहेत. बहुतेकांना फोर्क काढून पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याला पाठवावा लागतो. सायकल निवडताना हा प्रश्न आधी विचारा: हिचा फोर्क कोण उघडणार, आणि तोवर मी काय चालवणार?

महागड्या मॉडेलांतली एक नवी पद्धत आपल्याकडे विशेष त्रासाची आहे. केबल आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून (हँडल वळतं त्या सांध्यातून) आत घालतात. दिसायला स्वच्छ, पण पावसाचं पाणी त्याच वाटेने हेडसेटच्या बेअरिंगवर उतरतं, आणि खालचं गंजलेलं बेअरिंग बदलायचं तर बऱ्याचदा ब्रेकची नळी सोडून, तेल परत भरून सगळी जुळणी करावी लागते. दोन सायकली सारख्या वाटल्या तर केबल फ्रेमच्या बाजूने आत जाणारी घ्या. बॉटम ब्रॅकेटही (पायडलचा आस फिरतो तो भाग) आट्यांचा घ्या, दाबून बसवलेला नको. आट्यांचा त्याच्या पान्याने सहज निघतो आणि पावसाळ्यात सहसा कुरकुरत नाही.

समुद्र, चिखल आणि वर्षाचा खर्च

गुहागर किंवा आंजर्ल्याच्या ओल्या वाळूवर सायकल चालवण्याचा मोह कुणालाही होतो. चालवा, पण लाटांच्या पाण्यात चाक घालू नका, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. पाइप हळू सोडा. स्कूटर धुण्याच्या केंद्रातला जोरदार फवारा हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट आणि सांध्यांच्या सीलमधून मीठ आत ढकलतो. धुतल्यावर सायकल दोन-तीनदा टायरवर आपटा, उलटी करून बॉटम ब्रॅकेटखालच्या भोकातून पाणी निघतं का बघा, चेन फडक्याने पुसा, मग तेल घाला. पावसाळ्यात ओल्यासाठीचं जाड तेल, दिवाळीनंतर पातळ. जाड तेल उन्हाळ्यात ठेवलं तर लाल धूळ त्यात बसून चेन सहाणेसारखी घासते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत सायकल घातली आणि तुषार उडाले, तरी हीच धुलाई.

करवंदीच्या काट्यांसाठी ट्यूबलेसला पर्याय नाही. २९ इंची, २.४ रुंदीच्या टायरला ९० ते १२० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) लागतं. आपल्या उष्म्यात ते दोन-तीन महिन्यांत आटतं. टायर हलवून पाण्याचा आवाज येतो का ऐका. सत्तर किलोच्या माणसाने पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआय ठेवून बघावं. ट्यूब असेल तर तीसच्या आसपास, नाहीतर कातळाच्या कडेला ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात.

एक लाख रुपये हातात असतील तर आम्ही ते असे वाटू. ७५ हजारांची अॅल्युमिनियम हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली): रिबाउंड असलेला हवेचा फोर्क, पुढे तरी थ्रू-अॅक्सल, हायड्रॉलिक ब्रेक, पुढे एकच चेनरिंग, मागे क्यूज किंवा देओरे, ट्यूबलेस होणारी रिम. मग चांगले टायर ७ हजार, ट्यूबलेसचं साहित्य अडीच हजार, शॉक पंप २ हजार, टायरचा मोठा पंप दीड हजार, हेल्मेट साडेचार हजार, आणि साडेतीन हजारांत एक जास्तीची चेन, पॅडचे दोन जोड, डिरेल्युअर फ्रेमला धरणारा हँगर. उरलेले ४ हजार पहिल्या फोर्क-सर्व्हिससाठी बाजूला. ही सायकल कातळावर लाखाच्या, पण मूळ टायरवर आणि जुळणी न केलेल्या सायकलीपेक्षा चांगली चालेल.

फ्रेमला यूडीएच हँगर असेल तर उत्तम. २०१९ मध्ये आलेला हा सामाईक हँगर अनेक कंपन्यांच्या नव्या सायकलींना बसतो, त्यामुळे तो मिळवायला मॉडेलचं नाव घेऊन वणवण करावी लागत नाही.

भूमितीकडेही बघा, कारण ती फुकट मिळते. हँडलखालच्या नळीचा कोन जुन्या सायकलींत ७०-७१ अंश असायचा, आता ट्रेलच्या सायकलींत ६४ ते ६७. कोन जितका झुकलेला तितकी उतारावर सायकल स्थिर, पुढे उलटण्याची भीती कमी. साठ हजारांची नवी सायकल या एका बाबतीत दहा वर्षांपूर्वीच्या चार लाखांच्या सायकलीला मागे टाकते. म्हणून 'त्या वेळची टॉप मॉडेल' अशी जुनी सायकल कुणी दाखवली तर आधी कोनाचा आकडा शोधा.

जुनी घ्यायचीच असेल तर मालकाने स्वच्छ पुसून ठेवलेली रंगरंगोटी बघू नका. फोर्कच्या नळ्यांवर नख फिरवा. अडकलं तर ओरखडा आहे आणि तिथून तेल जाणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हेडसेटमध्ये टकटक ऐकू येते का बघा. मागचं चाक उचलून आडवं हलवा, सांध्यांतला ढिलेपणा लगेच कळतो. कार्बन असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या खाली आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांड्याच्या) आतल्या बाजूने बोटाच्या पेराने हलकं ठोकत जा. आवाज एकदम बोदा झाला की आत तडा असू शकतो. चेनवर मोजपट्टी लावा. शेवटी एलन की घेऊन सीटपोस्ट सैल करा आणि तो पूर्ण बाहेर काढून दाखवायला सांगा. समुद्राजवळ राहिलेल्या सायकलीत तो निघाला नाही तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.